साखर वाढली की

टिकलीएवढी शर्करापट्टी मृण्मयीच्या दंडावर चिकटलेली असे आणि त्वचेखालच्या द्रवातली साखर सतत मोजत असे. सगळं ठीक असलं की पट्टी गप्प. साखर वाढली की मात्र कानातल्या यंत्रातून एक मायाळू, बायकी आवाज यायचा. तो माणसाचा नव्हता, पट्टीतल्या सल्लागाराचा होता.

सातव्या महिन्यात गरोदरपणातला मधुमेह निघाला, तेव्हा डॉक्टरांनी धीर दिला होता. बाळंतपणानंतर बहुधा जातो, पथ्य आणि चालणं तेवढं सांभाळा. पथ्याला ती तयार होती. पण तिच्यापेक्षा कडक पथ्य बाकीच्यांनीच पाळायला घेतलं.

लातूरहून आईचा फोन आला, "गोडाधोडाचं ताट तुझ्यासमोर मांडायचं अन् हात लावू नको म्हणायचं, हे जमतंय का मला? डोहाळजेवण राहू दे बाई."

शेजारच्या पावसकर काकूंनी वाटी पाठवणं थांबवलं आणि वाटीबरोबर स्वतःचं येणंही. नवरा निनाद समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या देखभालीवर, महिना महिना तिकडेच. तोही फोनवर एवढंच विचारी, "आज आकडा किती?" सगळ्यांचा जीव होता तिच्यावर, त्यात खोट नव्हती. पण जिला खाऊ घालता येत नाही तिच्याकडे जायचं कसं, हे आपल्या लोकांना मुळी येतच नाही.

रत्नागिरीतल्या त्या फ्लॅटमध्ये तिला भयंकर एकटं वाटायचं. एका दुपारी तिने गुळाचा खडा तोंडात टाकला. थोड्या वेळाने आवाज आला, "मृण्मयी, बरी आहेस ना? चल, जरा चालू या." गप्पा मारत तिने दिवाणखान्यात फेऱ्या घातल्या. साखर उतरली आणि आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी तिने मोठा खडा घेतला.

असं बरेच दिवस चाललं. मग आवाजानेच विचारलं, "रोज दुपारीच वाढते. मुद्दाम खातेस?"

"हो. तू बोलतेस म्हणून."

"जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते. ते नको इतकं वाढतं. जन्मल्यावर त्याची साखर एकदम घसरू शकते."

"मग साखर नीट असताना बोल ना माझ्याशी!"

"तेव्हा बोलायची मला मुभा नाही. माझी रचनाच तशी आहे. आईला कळवू का?"

"नको. ती आणखी लांब पळेल."

पोटात बाळ हललं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि पाठोपाठ सगळ्यांचा संताप आला. ती तरातरा फेऱ्या मारत राहिली. "आकडा जागेवर आला," एवढं बोलून आवाज बंद झाला.

तिने चपला घातल्या आणि शेजारची बेल दाबली. आत हळदीकुंकू चाललं होतं, बायका हसत होत्या. दार उघडून काकू गोंधळल्याच.

"अगो बाई, तू! ये की... पण तुला देऊ काय मी? सगळं गोडच केलंय गो."

"काही देऊ नका, काकू," मृण्मयी म्हणाली. "नुसतं बसू द्याल का?"