जाते म्हणू नये

संध्या खरात त्या शनिवारी औरंगपुऱ्यात गेली ती एका फ्रेमची फुटलेली काच बदलायला. मे महिना, दुपारचे दोन. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. शहाण्या माणसानं अशा वेळी पंख्याखाली पडून राहावं. पण सुट्टीच्या दिवशी संध्याला घर खायला उठायचं. सिडकोत दोन खोल्या, त्यात एक माणूस आणि भिंतींवर सतरा चित्रं. त्यातलं एकही तिनं काढलेलं नव्हतं. तिला साधा आंबा काढता येत नसे. पण चित्र बघावं तर तिनंच! कुठं प्रदर्शन लागलं की बाई हजर, आणि एकेका चित्रासमोर अर्धा-अर्धा तास उभी.

वय बेचाळीस. सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. लग्न करायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, जमलं नाही इतकंच. अकरा जण बघून गेले. पोहे खाल्ले, पाच मिनिटं बघितलं, 'कळवतो' म्हणाले, आणि एकानंही धड कळवलं नाही. यातून संध्यानं स्वतःपुरतं एक तत्त्वज्ञान काढलं होतं. भांडी घासताना, शिक्के मारताना ती ते मनात घोळवत राही. प्रेम आणि चित्रकला हे मुळात एकच काम आहे. दोन्हीत दुसरं काही करायचं नसतं, फक्त नीट बघायचं असतं. चित्रकार एका पितळी वाटीकडं दोन-दोन तास बघतो. आपल्याकडं पाच मिनिटांच्या वर कुणी बघितलं नाही. त्या वाटीचं नशीब बरं म्हणायचं.

फ्रेमवाले सांडूभाऊ काच कापत होते, तेवढ्यात तिची नजर दुकानाच्या भिंतीवरच्या एका चिठ्ठीवर गेली. कागद पिवळा पडलेला, अक्षर मात्र देखणं. 'पोर्ट्रेटसाठी बसणारी व्यक्ती हवी. शनिवार-रविवार, दुपारी तीन ते पाच. हलायचं नाही. श्रीनिवास, चित्रकार.' खाली समर्थनगरचा पत्ता.

"लई जुनी हाय मॅडम ती," सांडूभाऊ म्हणाले. "कुणी काढलीच नाय भिंतीवरून."

काचेला तास लागणार होता. समर्थनगर चालत पंधरा मिनिटांवर. जाऊन तर बघू, फार तर नको म्हणतील, असा तिनं विचार केला. 'नको' ऐकायची तिला सवय होती.

बंगला जुना, बैठा. दोन्ही बाजूंना क्लासच्या उंच इमारती आणि मधोमध हा एकटा, कडुनिंबाखाली. दार उघडं होतं. आतून अळशीच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास आला. बाहेर अंग भाजत होतं आणि उंबरा ओलांडताच एकदम गार वाटलं. कूलर मात्र कुठं दिसला नाही. तिनं चपला दाराशी काढल्या.

उत्तरेच्या खिडकीपाशी ईझलवर मोठा कॅनव्हास, तिच्याकडं पाठ करून. त्याच्यामागं उंच, सडपातळ माणूस, पंचावन्नच्या पुढचा, झब्ब्याच्या बाहीवर रंगांचे डाग. समोर एक वेताची खुर्ची. खुर्चीपुढं फरशीवर खडूनं दोन पावलं आखलेली. या खुणा कशासाठी करतात ते तिला ठाऊक होतं. बसणारा मध्येच पाणी प्यायला उठला, तर परत येऊन त्याला होता तसा बसता यावा म्हणून.

"बसा," तो मान वर न करता म्हणाला.

ती बसली. पावलं खुणांवर ठेवली. अंगठ्यापासून टाचेपर्यंत नखभर फरक नाही! तिचेच पाय धरून कुणी खडू फिरवला असावा, इतकं नेमकं.

"थोडं डावीकडं... हां. काल होतं तसं."

काल? काल तर ती कचेरीत शिक्के मारत होती. 'मी काल नव्हते हो' एवढंच म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात त्यानं मान वर केली आणि तिच्याकडं बघितलं. कसं बघितलं ते कसं सांगू तुम्हाला! घाई नाही, लाज नाही, तोलणं नाही. कपाळावरून भुवईवर, भुवईवरून गालावरच्या जुन्या पुटकुळीच्या खड्ड्यावर, तिथं जरा थांबून पुन्हा कॅनव्हासवर. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तास झाला. संध्याचे डोळे भरून आले, तेही त्यानं बघितलं. 'काल'ची चूक त्याची होती. ती दुरुस्त केली नाही, ही मात्र तिची.

पाच वाजता ती उठली. "येते," म्हणाली. आपण सगळेच म्हणतो तसं. आपल्यात निघताना 'जाते' म्हणू नये. म्हटलं तर घरातली मोठी माणसं ओरडतात.

"येते म्हणालात," तो हळूच म्हणाला, "म्हणजे याल."

आणि ती येत राहिली. दर शनिवारी, दर रविवारी. बोलणं जवळपास नव्हतंच. ब्रश कॅनव्हासवर घासल्याचा आवाज, बाहेर कडुनिंबावर होल्याचं घुमणं, बस्स. चित्र दाखवा म्हटलं की "पूर्ण झाल्यावर" म्हणायचा. एकदा म्हणाला, "आज अबोली माळली नाही?" संध्यानं आयुष्यात कधी अबोली माळली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती गुलमंडीवरून गजरा घेऊन गेली. मग म्हणाला, "ती हिरवी साडी कुठं गेली?" पुढच्या आठवड्यात हिरवी साडी आली.

ही कुणा दुसऱ्याच बाईची आठवण आहे, हे तिला कळत नव्हतं असं समजू नका. ती काय दुधखुळी होती? सगळं कळत होतं. पण भाड्याच्या घरातसुद्धा माणूस आपल्या आवडीचे पडदे लावतंच की.

जूनच्या एका सोमवारी गंमत झाली. कचेरीत हजेरीचं नवं यंत्र होतं, चेहरा बघून हजेरी लावणारं. ते म्हणालं, "चेहरा ओळखता आला नाही. पुन्हा प्रयत्न करा." तिनं सात वेळा प्रयत्न केला. मागं रांगेत उभा असलेला, शेजारच्या टेबलावरचा अभय हसला. "काय मॅडम, आजकाल फारच खुलताय, मशीनसुद्धा गडबडलं!" तीही हसली. त्या संध्याकाळी तिचा फोनही तिचं तोंड बघून उघडेना, आकडे दाबावे लागले. मग पाचोडहून धाकट्या बहिणीचा, रत्नमालाचा व्हिडिओ कॉल आला. दोन मिनिटं बोलून रत्नमाला म्हणाली, "ताई, हल की जरा! मला वाटलं फोटोच लावून ठेवलाय."

संध्यानं घड्याळ बघितलं. फोन यायच्या आधी ती पाऊण तास खुर्चीत, मान थोडी डावीकडं करून, तशीच बसलेली होती.

पुढच्या शनिवारी पाच वाजता ती फाटकातून बाहेर पडली, तर शेजारच्या क्लासचं अंगण झाडणारी आवडाबाई वाट अडवून उभी.

"कुणाकडं येता ओ बाई तुम्ही?"

"श्रीनिवास सरांकडं."

आवडाबाईनं झाडू खाली ठेवला. "सर गेले की. तीन वर्सं झाली. पुतण्या पुण्याला असतो, चावी त्याच्यापाशी. त्ये बघा कुलूप."

संध्यानं वळून बघितलं. दाराला गंजलेलं कुलूप होतं. कुलपावर कोळ्याचं जाळं. दोन मिनिटांपूर्वी ती त्याच दारातून बाहेर आली होती. पदराला अजून अळशीच्या तेलाचा वास होता. ती कट्ट्यावर बसली.

"एक बाई यायची बसायला," आवडाबाई शेजारी टेकली. "हिरवं लुगडं, डोक्यात अबोली. सरांचा लई जीव तिच्यावर, पर तोंडानं कधी बोलले नाय. एक दिस ती 'येते' म्हणली अन् गेली ती गेलीच. कुठं गेली, कुणाला ठावं नाय. चित्र समदं झालतं, तोंड तेवढं कोरं राह्यलं. लोक म्हणायचे, सर, दुसरं काढा. तर म्हणायचे, 'येते म्हटलंय, म्हणजे येईलच.' तसंच चित्रापुढं उभ्या उभ्या गेले."

"कोरं...?"

"व्हय. तोंडाच्या जागी नुसतं पांढरं." आवडाबाईनं तिच्याकडं जरा वेळ निरखून बघितलं. मग आवाज खाली आणला. "निघताना काय म्हणता तुम्ही?"

"येते."

"तिथंच चुकतं बाई. आशा लावून येता. उद्या जा अन् तोंडावर सांगा, जाते म्हणून. अन् मागं बघू नका."

रात्रभर संध्या पाठ करत राहिली. जाते, जाते, जाते. रविवारी तीन वाजता कुलूप नव्हतं, दार उघडं होतं. ती खुर्चीवर बसली नाही. सरळ ईझलच्या पलीकडं गेली.

हिरवी साडी. मांडीवर ठेवलेले हात. केसांत अबोली. आणि चेहरा... तिचा. गालावरचा खड्डासुद्धा. इतकं खरं चित्र तिनं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. नाकाखाली तेवढी पांढरी जागा होती.

"ओठ राहिलेत," तो शेजारून म्हणाला. इतक्या जवळून पहिल्यांदाच. "तासाभराचं काम..."

ती त्याच्याकडं वळली. तो बघत होता. देवा! तसं बघणं. तिला वाटलं, बसावं. काय जाईल? तोंडच ना? बेचाळीस वर्षांत या तोंडानं असं काय मिळवून दिलंय? पाय खुर्चीकडं ओढले जात होते, अगदी खरं सांगते. मग तिला रत्नमाला आठवली. लहानपणी रात्री दचकून उठायची आणि ताईचं तोंड दिसलं की रडायची थांबायची. म्हणजे एक माणूस होतं. या तोंडाकडं बघणारं एक तरी माणूस होतं.

"सर," ती म्हणाली. "सर, मी... जाते."

ब्रश थांबला. होला घुमायचा थांबला.

"बरं," तो म्हणाला. मग अगदी हळू, "येतो."

ती मागं न बघता निघाली. समर्थनगरच्या कोपऱ्यावर आल्यावर तिच्या डोक्यात आलं, तो तर त्याच्याच घरात होता. निघाले मी. मग 'येतो' तो का म्हणाला? असेल सवयीनं. आपण सगळेच म्हणतो.

सोमवारी यंत्रानं पहिल्याच झटक्यात हजेरी घेतली. फोन उघडला. संध्यानं स्वच्छतागृहात जाऊन आरशात तोंड बघितलं आणि पोटभर रडली, सुटल्याच्या आनंदानं. आनंद गुरुवारपर्यंत टिकला. मग पुन्हा शिक्के, आवक, जावक. सतरा चित्रं. अबोलीचा वाळका गजरा तिला टाकवेना. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. साडी बदलली, केस कापले, तरी कुणाला पत्ता नाही. एकटेपण तिला नवं नव्हतं, पण आता त्याची चव कळली होती आणि ती फार वाईट होती.

जुलैत एका शनिवारी नळाचा दिवस होता. आठ दिवसांनी येणारं पाणी, म्हणून तिनं पिंप, बादल्या, तांब्ये सगळं भरलं, उरलेल्यानं फरशी पुसली. तीनला थोडा वेळ होता. फरशी वाळली तशी खुर्चीसमोर दोन पावलं उमटली. पांढरी, खडूची. तिच्या मापाची.

आणि चार हातांवर, स्वयंपाकघराच्या दाराशी, आणखी दोन. मोठी, पुरुषाची. बोटं तिच्याकडं वळलेली.

तिनं किंचाळत ती पुसली. खडू फडक्यावर खरोखर आला. पुढच्या शनिवारी पुन्हा होती, आता मोठी पावलं दोन फरश्या पुढं सरकलेली. पुन्हा पुसली. तिसऱ्या शनिवारी आणखी पुढं. त्या दिवशी तिनं फडकं भिजवलं, पिळलं, आणि बराच वेळ हातात धरून बसली.

चौथ्या शनिवारी, पावणेतीनला, रत्नमालाचा व्हिडिओ कॉल आला.

"अगं बाई, ताई! हिरवी साडी, अबोली! कुणी येणारंय का?"

"येतो म्हणालेत," संध्या म्हणाली. "म्हणजे येतीलच."

"कोण?" रत्नमाला हसली. मग हसायची थांबली. पडद्याजवळ येऊन बघायला लागली. "ताई... कॅमेऱ्यावर काही आलंय का गं?"

"नाही. का?"

"नाय, सगळं नीट दिसतंय. खुर्ची, पडदा, साडी, गजरा... तुझं तोंड तेवढं पांढरं दिसतंय." तिनं बोटानं पडदा पुसला. "ताई, तुझे नुसते ओठ दिसतायत."

स्वयंपाकघरातून अळशीच्या तेलाचा वास आला. संध्यानं पावलं नीट खुणांवर ठेवली, मान थोडी डावीकडं केली.

"रत्ना, आता ठेवते हं," ती म्हणाली. "मला हलायचं नाहीये."