हिमाचा एक कण

बटाट्यांच्या कोठीत रचलेल्या जलभिंतीत दोनशे चाळीस पिशव्या होत्या. प्रत्येकीत पाच लिटर, म्हणजे एकूण बाराशे लिटर पाणी. कोठीला एक दार आणि दोन झडपा. त्यांच्या कडांना एकोणीस फटी सापडल्या होत्या आणि शर्वाणी डहाकेने त्या सगळ्या याकच्या लोकरीने बुजवल्या होत्या. मधोमध आठशे किलो बटाटे होते, स्पितीतल्या या गावाचं पुढच्या पेरणीचं सगळं बियाणं. वादळ यायला चार तास उरले होते.

“हिमाचा एक कणसुद्धा आत येणार नाही, सर!” मार्गदर्शक तोडकर सरांना सांगताना तिला आनंद लपवता येत नव्हता.

कोठीची मालकीण डोलकर दारात उभी होती. दर हिवाळ्यात ती इथे शेणींचा जाळ ठेवत असे. यंदा शर्वाणीच्या शब्दावर तिने सगळ्या शेणी पलीकडच्या गावात लेकीकडे पाठवल्या होत्या.

“पाण्याने ऊब मिळते, हे परत एकदा सांगा,” ती म्हणाली. “घरी नवरा हसतो मला.”

“बर्फ वितळवायला उष्णता द्यावी लागते ना, आमा?” तोडकर सर म्हणाले. “पाणी गोठताना तेवढीच परत करतं. तिला आम्ही गोठणऊब म्हणतो. सगळं पाणी गोठेपर्यंत भिंत शून्याच्या फारशी खाली उतरत नाही. हिशेबाने तीन दिवस.”

“आणि बटाटा कधी नासतो?”

“उणे दीडला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वादळ छपरावर आदळत होतं. तिघं वरच्या खोलीतून जिना उतरून कोठीत आली. शर्वाणीने तापमापकावर विजेरी धरली. बटाट्यांच्या ढिगात उणे ०.७. पिशव्यांत उणे ४.१.

तिने एक पिशवी हलवली. आत डुचमळलं.

“सर, हे पाणीच आहे! उणे चारला!”

“गोठलं नाही, म्हणजे ऊबही सोडली नाही.” सरांनी दुसरी पिशवी दाबून पाहिली. “कुठलं पाणी भरलंस?”

“ओढ्याचंच. फार गढूळ होतं, म्हणून तुरटी फिरवली, मग चौपदरी सुती कापडातून गाळलं. गंगाखेडला गोदावरीचं पाणी आम्ही असंच…” ती थांबली. “बीजकण!”

“काय कण?” डोलकरने विचारलं.

“आमा, पाण्याला गोठायला सुरुवात कुठून करायची ते कळावं लागतं. धुळीचा एखादा कण असला की त्याला धरून बर्फ वाढतो. कणच नसेल तर पाणी गार होत राहतं, पण गोठत नाही. कण होते सगळे. मीच गाळून टाकले!”

“मग टाक की मूठभर माती.”

“मातीचा भरवसा नाही, काही कण उणे दहालाच चालतात,” सर म्हणाले. “उणे चारला नक्की चालेल असा बीजकण एकच. बर्फाचाच स्फटिक.”

तिघांच्याही नजरा झडपेकडे गेल्या.

डोलकर खो खो हसली. “पोरी, काल एक कण आत घ्यायला तयार नव्हतीस!”

शर्वाणीने दोन्ही हातांनी लोकर उपटली. झडप उघडताच पांढरा लोट आत आला आणि सरांचा चष्मा भरून गेला. तिने बादली भरली, पहिल्या पिशवीचं बूच काढलं आणि चिमूटभर हिम आत सोडलं.

पाण्यात काटेरी पांढऱ्या पात्या सरसर धावल्या. तापमापकावरचा आकडा चढला: उणे चार, उणे दोन, शून्य. तिच्या तळव्याखाली पिशवी घट्ट झाली.

“चढलं! सर, शून्यावर आलं!”

“ओरडू नकोस, पुढची घे! दोनशे एकोणचाळीस राहिल्यात.”

“तुमची लेखणी धरायची बोटं आहेत, साहेब. सरका,” डोलकर म्हणाली आणि भाजीत मीठ टाकावं तशा सफाईने चिमटी सोडत निघाली. शर्वाणी बुचं काढत पुढे, सर बुचं लावत मागे. झडप पुन्हा बंद झाली, तोवर बावीस मिनिटं गेली होती.

वादळ अडुसष्ट तास चाललं. बाहेरचं नीचांकी तापमान उणे २७, बटाट्यांचं उणे ०.९.

मे महिन्यात ढिगातून न निवडता शंभर बटाटे काढले. सत्त्याण्णवांना कोंब होते.