आजीच्या मुठीतली राख

जळण भरपूर होतं, उष्णताही हवी तेवढी, तरी आजीची आग दुपार कलली की मंदावायची. आज दिवेलागणीपर्यंत ती टिकली नाही, तर तिचं यंत्र कायमचं बंद होणार होतं.

आजी म्हणजे डॉ. शालिनी वर्तक, संलयन केंद्राच्या (अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या केंद्राच्या) प्रमुख. नात कृतिकाला मात्र ती ठाऊक होती रस्ता ओलांडताना मनगट लाल होईपर्यंत हात धरणारी.

केंद्रामागच्या शेतात हुरडा चालला होता. आगटी सांभाळायचं काम कृतिकाने हौसेने मागून घेतलं. ऊब वाया जाऊ नये म्हणून या छोट्या बाईसाहेबांनी गोवऱ्यांची राख वरून छान थापून बसवली. ज्वारीची कणसं कच्चीच निघाली. आजीने काठीने राख कडेला ओढली, तसे निखारे पुन्हा फुलले.

"आजी, तुझ्या आगीत राख होते?"

"होते की. प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) आम्ही चुंबकांच्या जोरावर भिंतींपासून लांब, अधांतरी धरतो. त्यात जड हायड्रोजनची अणुकेंद्रं जुळून हेलियम होतो. तो आधी आपली ऊब प्लाझ्माला देतो, म्हणून लगेच हाकलायचा नाही. ऊब देऊन झाली की मात्र नुसता जळणाची जागा अडवतो. तीच राख."

"मग काढत का नाही?"

"कडेला आली की खालच्या फटीतून पंप ओढून घेतात."

"कडेला येते?"

आजी बोलता बोलता थांबली. ऊब निसटू नये म्हणून चुंबकांची पकड तिनेच वाढवत नेली होती; त्या पकडीत राखही आतच अडकत होती.

"मीपण वरून थापतच बसले की गं," ती म्हणाली.

नातीसह नियंत्रण कक्षात पोचताच तिने प्लाझ्माच्या कडेची पकड किंचित सैल केली. तापमान घसरलं. घाबरून तिचा हात पुन्हा बटणाकडे गेला, तो कृतिकाने धरला.

"थांब ना जरा. राख निघू दे."

पंपाच्या पडद्यावर हेलियमची रेघ वर चढली. मग हळूहळू तापमानही चढलं. दिवेलागण झाली, तरी आग तशीच होती. आजीने नातीला घट्ट कुशीत घेतलं आणि डोळे पुसले.

"आता एक दिवस गावातले दिवे या आगीवरच लागतील बघ," ती म्हणाली.

घरी जाताना रस्ता ओलांडायला आजीने हात धरला. आज मनगट दुखलं नाही.