नजरेची वाट

डोळ्यांच्या फिरण्यावरून माणूस ओळखायचं यंत्र ती चालवायची. समोरच्यानं हनुवटी टेकवायची, पडद्यावर एकेक चित्र बघायचं; नजर जिथून जिथे जाईल तिथे लाल रेघ उमटायची. सही बदलेल, चाल बदलेल, ही रेघ बदलत नाही, असं प्रयोगशाळेचे सर छातीठोकपणे सांगत.

सुरुवातीला माणसं मिळेनात, म्हणून तिनं नवऱ्यालाच बसवलं होतं. तो वायरमन. कुठल्याही खोलीचं चित्र दाखवा. आधी छत, मग बटणं, माणसं सगळ्यात शेवटी. "हा पाहुणा म्हणून गेला तरी यजमानांआधी पंखा बघेल," म्हणून सर खूप हसले होते. फक्त तिचा फोटो आला की नजर थेट तिच्या डोळ्यांवर.

गेल्या वर्षी विजेच्या खांबावरच झटका बसून तो गेला.

त्या दुपारी एक शिक्षिका चाचणीला आल्या. पहिल्यांदाच. यंत्रानं नाव दाखवलं ते तिच्या गेलेल्या नवऱ्याचं.

"बिघडलंय," सर म्हणाले. "परत घे."

परत घेतलं. छत. बटणं. शेवटी माणसं.

"बाई, तुम्ही आधी छताकडे का बघितलंत?"

"मी? मी तर त्या चित्रातल्या मुलीकडेच बघत होते."

नंतर आलेल्या शिंप्याचंही तेच. सरांचा चेहरा उतरला. दुरुस्तीवाल्याला फोन करायला ते बाहेर गेले.

शिंपी अजून यंत्रावर हनुवटी टेकवून बसला होता. एकदा, एकदाच नवऱ्यानं आपल्याकडे बघावं, असं तिला वाटलं. तिनं घाईघाईनं स्वतःचा फोटो पडद्यावर लावला.

रेघ चेहऱ्यावर आलीच नाही. खांद्याला वळसा घालून ती फोटोतल्या मागच्या कोऱ्या भिंतीवर गेली आणि तिथेच खिळली. यंत्रात दिसणाऱ्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होत गेल्या, भेदरलेल्या माणसाच्या होतात तशा.

शिंपी मात्र निवांत जांभई देत होता.

घरी आल्यावर तिला राहवलं नाही. "आई, तो आला होता हो," ती सासूबाईंना म्हणाली. "पण माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही."

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्ही तरी बघा ना माझ्याकडे."

"तुझ्याकडेच बघतेय गं," त्या मायेनं म्हणाल्या.

त्यांची नजर तिच्या खांद्यामागे होती.

मग ती नजर सावकाश वर चढू लागली, समोर बसलेलं कुणी उठून उभं राहतं तेव्हा चढते तशी.