विटेवरची विडी

माझ्या डोळ्यांदेखतचं नाही हे, पोरांनो. हराधन मंडलच्या तोंडून ऐकलंय. आणि खोटं बोलण्याइतकंही त्राण नसलेला माणूस होता तो.

इथल्याच सौर वीजघरात बॅटऱ्या सांभाळायचा. पौषातला शनिवार. तीन दिवस धुकं, सुंदरबनात ऊन कसलं ते नाही. बॅटऱ्यांत पाणी घालायला तो संध्याकाळी गेला, तेव्हाच समजला, आज गाव लवकर अंधारात जाणार. बॅटरी फार उतरली की कटआउट गावाची लाइन तोडतो आणि उरलेली वीज दवाखान्याला राहते. त्या रात्री दवाखान्यात त्याचीच लेक मिनती कळा देत होती.

साडेदहाला कटआउट पडला. शाळेपुढचं नाटक अडलं. नाटक बसवणारा गोपाल धावत आला.

"हराधनदा, राजा अर्धाच मेलाय. पुरता मरू दे की."

"बॅटरी मरेल."

"झालं सुरू. अगदी भुवनकाका झालास बघ."

भुवनकाका म्हणजे आधीचा राखणदार, वारून दोन वर्षं झालेली. कटआउट टाळून थेट तार कधी जोडू दिली नाही, म्हणून जन्मभर गावाच्या शिव्या खाल्ल्या त्यानं. हराधन मात्र नाही म्हणून म्हणून थकला होता. त्यानं कटआउटला वळसा घालून तार जोडली. अर्ध्या तासानं काढू, असं ठरवून कुलूप लावलं आणि दवाखान्याच्या ओट्यावर टेकला. तिथंच डोळा लागला.

जागा झाला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं. तार तशीच राहिली असणार. पण दवाखान्यातला दिवा जळत होता. वीजघराकडे पळताना वाटेत गोपाल भेटला.

"अकरालाच तोडलीस ना लाइन? राजा अजून तसाच पडलाय."

हराधननं कंबर चाचपली. किल्ली त्याच्याच कमरेला होती.

वीजघराच्या दाराशी वीट. विटेवर अर्धी विडी, पेटलेली. बॅटऱ्यांच्या वायूला ठिणगी नको म्हणून भुवनकाका विडी बाहेर ठेवून आत जायचा. दुसरं कुणी नाही.

त्यानं कुलूप काढलं.

आत कुणी नव्हतं... तार नीट गुंडाळून खिळ्याला टांगलेली.

"काका?"

...

"काका, चुकलं माझं."

...

तेवढ्यात दवाखान्यातून बाळाचं रडणं ऐकू आलं. हराधनला रडूच फुटलं. डोळे पुसत तो बाहेर आला, कुलूप लावायला वाकला.

विटेवर विडीचं नुसतं थोटूक उरलं होतं.