रुंदी छत्तीस

फुटपाथवरच्या त्या सैल फरशीने आणखी एकाला पाडलं. या वेळचा माणूस चांगला उंचापुरा होता, हातात फायली होत्या. उठल्या उठल्या त्याने आधी कुणी बघितलं का ते बघितलं, मग फायली गोळा केल्या आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं. पँट वीतभर फाटली होती.

समोरच शिवणकामाचं दुकान होतं. दारात गळ्यात टेप घालून एक मुलगी उभी होती आणि तिने सगळं बघितलं होतं.

"लागलं का?"

"छे, छे. काही नाही."

"मग आत या. तशा अवतारात कुठे जाणार? या महिन्यातली ही चौथी पँट आहे."

पाच मिनिटांत तो ट्रायलच्या पडद्यामागे, कमरेला फुलाफुलांचं पडद्याचं कापड गुंडाळून स्टुलावर बसला होता. बाहेर मशीन चालू होतं आणि मशीनपेक्षा जोरात ती चालू होती.

"तीन अर्ज दिलेत मी नगरपालिकेत. एक या फरशीचा, दोन आमच्या दारात रॅम्प करून द्या म्हणून. कुणी वाचत असेल तर शप्पथ! आता म्हणे नवीन इंजिनिअर आलाय. खुर्चीला चिकटून बसला असेल कुठेतरी पंख्याखाली. चार महिने झाले, इकडे फिरकला नाही."

"दोन," पडद्यामागून आवाज आला.

"काय दोन?"

"दोनच महिने झालेत त्याला येऊन."

मशीन थांबलं. "तुम्हाला कसं माहीत?"

पडद्यामागे स्टूल करकरलं. मग तोच आवाज, जरा पडलेला — "पँट हातात मिळाल्यावर सांगितलं तर चालेल का?"

आतल्या खोलीत कुणीतरी खो-खो हसलं. ती मात्र जीभ चावून बसली. राग तिच्या नाकावर असायचा खरा, पण पँट अडकवून ठेवण्याइतकी ती दुष्ट नव्हती.

हसले ते तिचे बाबा. एकतीस वर्षं पोस्टमन होते. गावातली अशी गल्ली नव्हती जिथे त्यांच्या सायकलची घंटा ओळखीची नव्हती. वर्षापूर्वी डाव्या अंगावरून वारं गेलं आणि ते चाकाच्या खुर्चीत आले. घर दुकानाच्या मागे, दार एकच, आणि त्या दाराचा उंबरा फुटपाथपासून हातभर उंच. खुर्ची उतरवायची तर दोन माणसं लागत, आणि बाबांना कुणाला हाक मारायची नव्हती. आठ महिन्यांत त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. रस्त्यापलीकडे वाचनालय होतं. तिथे कोण कधी आलं आणि कोण कधी गेलं, हे ते दुकानाच्या खिडकीतून पाहत आणि रात्री जेवताना तिला सांगत. ऐकताना ती त्यांच्या पानात न विचारता आणखी वाढायची.

दुरुस्त पँट घालून बाहेर आलेल्या इंजिनिअरने आधी बाबांना नमस्कार केला, मग उंबरा पाहिला. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"आज संध्याकाळी मंजुरीची यादी बंद होते," तो म्हणाला. "मापं द्या. आजच घालतो. फक्त टेप... ऑफिसात राहिलाय."

"तरीच," ती म्हणाली आणि गळ्यातला टेप काढला.

तिने मोजलं, तो शेजारी उभा राहून मान डोलावत होता. उंबऱ्याची उंची चौदा. खुर्ची सव्वीस, म्हणजे रॅम्पची रुंदी छत्तीस धरू. उंचीच्या बारापट लांबी हवी, असं त्याने सांगितलं, तेव्हा लांबी एकशे अडुसष्ट. भिंतीलगत तेवढी जागा होती. हे सगळं तिने ऑर्डरच्या वहीत, जिथे एरवी छाती, कंबर, बाही लिहायची तिथे लिहिलं आणि पान फाडून त्याला दिलं. नुसते आकडे. बारा वर्षांच्या शिवणकामात आकड्यापुढे काही लिहायची तिला कधी गरज पडली नव्हती.

"होईल ना नक्की?"

"होईल," तो म्हणाला आणि जाताना पुन्हा त्याच फरशीवर अडखळला. ती हसली. त्यालाही बहुधा ती हसावी असंच वाटत होतं.

आणि खरंच झालं... पण कसं!

दुसऱ्याच दिवशी त्याला दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. जाताना त्याने ते पान नकाशे काढणाऱ्याकडे दिलं. नकाशेवाल्याच्या टेबलावर जन्मात इंच आला नव्हता. त्याने सगळ्या आकड्यांपुढे सेंटिमीटर लावले आणि नकाशा गवंडीमिस्त्रींच्या हातात ठेवला. मिस्त्रींनी विचारलंही, "साहेब, हे कुणासाठी म्हणायचं?" तर उत्तर मिळालं, "नकाशात आहे तसं करा." मिस्त्रींनी तसं केलं. ती त्या दिवशी कापड आणायला बाहेरगावी गेली होती. परत आली तेव्हा काम ओल्या पोत्यांखाली झाकलेलं होतं आणि पोत्यांचा ढीग चांगला ऐसपैस दिसत होता.

पोती काढायच्या दिवशी बाबांनी पहाटे उठून दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं. शेजारपाजारचे जमले. मिस्त्रींनी पोती उचलली.

खाली छत्तीस सेंटिमीटर रुंदीचा एक देखणा, गुळगुळीत रॅम्प होता. उंबऱ्याच्या निम्म्यापर्यंतही तो पोचत नव्हता. मांजराला छान झाला असता. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी गल्ली हसायला लागली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी खिशाचं पेन काढून टेबलावर ठेवलं. "राहू दे, बाळा. खिडकीतून दिसतं की सगळं," म्हणाले आणि खुर्ची वळवून आत गेले.

ते वाक्य तिला टोचलं. गल्लीचं हसणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं, पण हे वाक्य जाईना.

शनिवारी तो परत आला, बसमधून उतरून बॅगेसकट थेट दुकानात. रॅम्प पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"तुम्ही इंच लिहिलं नव्हतंत," तो म्हणाला. हे काही बरं वाक्य नव्हतं, आणि म्हणता म्हणताच ते त्याला कळलं.

"शिंप्याच्या दुकानात काय किलोमीटरमध्ये मोजतात?" ती कडाडली. "आणि तुम्ही समोर होतात ना? माझ्या हातात टेप होता. इंचाचा! दिसला नाही?"

"टेप नाही पाहिला मी."

"मग काय पाहत होतात?"

त्याने बॅग या हातातून त्या हातात घेतली. कान आधी गुलाबी, मग लाल झाले... तिने कात्री उचलली, उगाचच, कापायला समोर काही नव्हतं. शेवटी तो "सोमवारी सभा आहे," एवढंच बोलून निघून गेला.

सोमवारची नागरिक सभा वाचनालयाच्या हॉलमध्ये होती. बाबा जाऊ शकत नव्हते, पण लाउडस्पीकर होता आणि खिडकी उघडी होती. रॅम्पचा विषय निघताच हॉलमध्ये हशा पिकला. मुख्याधिकारी उभे राहिले. "चूक मिस्त्रींची आहे. त्यांना कामाच्या यादीतून कमी करण्यात येईल. नवीन रॅम्प पुढच्या वर्षीच्या आराखड्यात धरू." कोपऱ्यात मिस्त्री टोपी पिळत उभे होते. पुढचं वर्ष... मधल्या रांगेत ती बोटांवर महिने मोजायला लागली.

तेवढ्यात इंजिनिअर उठला.

"मिस्त्रींनी नकाशाप्रमाणे काम केलंय. जागेवर मी गेलो होतो. मापं माझ्यासमोर घेतली गेली, आणि मी टेपकडे पाहिलं नाही. चूक माझी आहे."

मुख्याधिकाऱ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर खाली बसला असता. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मग काय पाहत होतात, साहेब?"

त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं. "ते आजच्या सभेच्या विषयांत नाही," तो म्हणाला.

हॉल हसला. ती मात्र हसली नाही. माणूस नोकरी पणाला लावून उभा आहे आणि आपण खाली मान घालून बसलोय, असं वाटलं आणि ती उठली.

"आकडे माझ्या हातचे आहेत. इंच लिहायचं मी विसरले. अर्धी चूक माझी. पण माझे बाबा आठ महिने घरात आहेत. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या दारात ते एकतीस वर्षं ऊन-पाऊस न बघता आले. त्यांना पुढच्या वर्षापर्यंत थांबायला लावू नका. एवढंच."

मग वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी हात वर केला. "याच महिन्यात व्हावा." पाठोपाठ एकेक हात वर गेला, शेवटी मिस्त्रींचाही. ठराव झाला. इंजिनिअरला ताकीदपत्र मिळालं आणि यापुढे तक्रारदाराला घेऊन जागेवर मोजल्याशिवाय नकाशा काढायचा नाही, असा नियमही.

नियम त्याने भलताच मनावर घेतला. तो रोज मोजायला यायला लागला.

"छत्तीस," ती म्हणायची.

"छत्तीस काय?"

"इंच! लिहून देऊ?"

"द्या. माझ्यावर ताकीद आहे."

चहा विचारला तर "दोन" म्हणायचा आणि तिने भुवया उंचावल्या की घाईघाईने "कप" जोडायचा. मिस्त्री दोघांचे दोन्ही टेप लावून बघायचे आणि मिशीत हसायचे. रॅम्पसाठी दुकानाबाहेरचा कपडे लावायचा पुतळा हलवावा लागला. तिने तो आत घेतला, आणि त्यामुळे खिडकीजवळ एक स्टूल मावेल एवढी जागा कशी कोण जाणे बाहेरच्या बाजूला झाली. त्या स्टुलावर कोण बसायचं ते सांगायला नको.

पण बोलणं काही कुणी पुढे नेईना. काम संपत आलं तसं तिला धास्तावल्यासारखं व्हायला लागलं. रॅम्प व्हायला तर हवाच होता... आणि झाला की हा कशाला येणार?

रॅम्प झाला. पोती निघाली. बाबांनी या वेळी दाढी केली नव्हती, विश्वासच नव्हता त्यांचा. खुर्ची उताराला लागली तेव्हा त्यांनी तिचा हात बाजूला केला. "मी जातो." हळूहळू, चाकावर तळवा दाबत ते खाली आले. फुटपाथवर पोचल्यावर ते वळून उंबऱ्याकडे बघत राहिले. ती रडली. इंजिनिअर नेमका तेव्हाच फायलीत काहीतरी शोधायला लागला. मग तिच्या हातात एक कागद देऊन "समाधानपत्र आहे. सवडीने भरून पाठवा," असं म्हणून तो घाईने ऑफिसला गेला.

दुपारी तिने कागद भरला. 'काम पूर्ण झाले काय?' – होय. 'समाधान झाले काय?' – होय. खाली 'अन्य सूचना' असं होतं. तिथे तिने तीनदा पेन टेकवलं आणि तीनदा उचललं. चौथ्यांदा मात्र एका दमात लिहिलं, पाकीट बंद केलं.

"दे इकडे," बाबा म्हणाले. दाढी झालेली, शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन. "टपाल आहे. मी पोचवतो."

"बाबा, दोन गल्ल्या आहेत!"

"दोन काय अन् वीस काय!"

ते गेले आणि तिची एक शिवण सरळ जाईना. एका झग्याला तिने दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. पाकिटातलं वाक्य आठवून आठवून अंगावर काटा येत होता. तिने लिहिलं होतं – 'रॅम्प चांगला आहे. फरशी अजून सैल आहे. इंजिनिअरनी जागेवर येऊन पाहणी करावी. या वेळी टेपकडे पाहिलं नाही तरी चालेल.'

साडेपाचला बाबा रॅम्प चढून आले. घामाघूम, पण चेहरा असा की गेल्या वर्षभरात तिने तो पाहिला नव्हता. त्यांनी खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली.

"पोच घेऊन आलो. पोचेशिवाय मी कधी परत आलोय?"

"काय म्हणाले?"

"एकतीस वर्षांत कुणाचं पत्र वाचलं नाही, आज वाचू? साहेबाने मात्र लिहिता लिहिता तीन कागद फाडले." त्यांनी खुर्ची वळवली. "मी वाचनालयात चाललो. आठला येईन. आठ वाजता, सेंटिमीटर नव्हे."

तिने चिठ्ठी उघडली.

'पत्र मिळाले. पाहणीस आज सहा वाजता येतो. त्यानंतरही येत राहीन, तुमची हरकत नसल्यास – चाळीस. एकक: वर्षे.'

बाहेर बाबांची खुर्ची उतारावरून खाली गेली, रस्ता ओलांडून पलीकडे पोचली. वाचनालयाच्या पायरीवरची माणसं त्यांना बघून उठून उभी राहिली, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. आठ महिने जे पाहायला ती आसुसली होती, तेच समोर घडत होतं, आणि तिने ते पाहिलंच नाही. ती चिठ्ठी तिसऱ्यांदा वाचत होती.