कोपऱ्यातलं नाव

बसा रे, पळू नका. काच आधी खाली ठेव, फुटेल. खिडकीचीच काढली ना? दरवर्षी सबमिशन आलं की कोणत्या तरी खोलीची काच गायब होते, आणि मग हिवाळाभर त्या खोलीतली पोरं कुडकुडत बसतात. मी या होस्टेलचा रेक्टर झालो तेव्हापासून हेच बघतोय. खाली बल्ब, वर काच, काचेवर दुसऱ्याची शीट आणि तिच्यावर आपली कोरी. उजेडात खालच्या रेघा वर दिसतात, त्यांच्यावरून पेन्सिल फिरवायची की झालं ड्रॉइंग. ग्लास ट्रेसिंग, तुमच्या भाषेत जीटी. आम्हीही मारल्या आहेत. मला काय शिकवता?

रागवायला आलो नाही. एकच विचारतो. खालची शीट कोणाची आहे? ...याची? हा समोर बसलाय तोच ना? मग ठीक आहे. तरी ऐकून घ्या, मग मारा काय मारायची ती जीटी.

प्रज्वल ढोबळे नावाचा पोरगा होता. दारव्ह्याकडचा. याच मजल्यावर, जिन्याजवळच्या खोलीत राहायचा. आता तिथे आपण गाद्या ठेवतो. पोरगा हुशार, पण ड्रॉइंगचं आणि त्याचं जमलं नाही. पहिल्याच वर्षी शीट पूर्ण नाहीत म्हणून टर्म गेली, वर्ष वाया गेलं. दुसऱ्यांदा बसला तेव्हा त्याच्या वडलांनी फोनवर सांगितलं होतं, "बाबू, एक डाव झालं ते झालं. आता पुन्हा वर्ष गेलं तं सरळ घरी ये. मी तुले काही म्हणणार नाही." रागावले असते तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. त्या न रागावण्याची त्याला फार भीती वाटायची.

मार्गशीर्षातली अमावास्या होती, बुधवार. गुरुवारी सकाळी ड्रॉइंगच्या वऱ्हाडपांडे सरांकडे सबमिशन. प्रज्वलच्या सगळ्या शीट झाल्या होत्या, शेवटची राहिली होती. जेवण करून तो ती मागायला निघाला.

"अबे, शेवटची शीट दे ना. सकाळी आणून देतो."

"शेवटची? तेच तं मी मागून राहिलो सगळ्यायले."

"अन् टॉपर कुठी हाय?"

"दार लावून बसला. आवाज दिला तं आतून म्हणते, मी झोपलो."

सगळा मजला फिरून तो रिकाम्या हातानं खोलीत आला. त्याचा रूममेट अंकुश मफलर गुंडाळून स्टँडवर चहाला निघाला होता.

"अलमारीवर एक काळी नळी पडली हाय बे," अंकुश म्हणाला. "कोण्या सिनिअरची असन. पाह्य तिच्यात."

प्रज्वलनं खुर्चीवर चढून नळी काढली. धूळ झटकली. आत एकच शीट होती, आणि नेमकी हीच. शंकूचं आणि नळकांड्याचं ड्रॉइंग. काम इतकं सुरेख की छापल्यासारखं. फक्त अर्धंच होतं. कोपऱ्यातल्या चौकोनात नावही नव्हतं. नाव आपण शेवटी लिहितो ना, शीट पूर्ण झाल्यावर.

"अर्धी तं अर्धी," अंकुश म्हणाला. "बाकीची तुह्या मनानं ओढ. सर काय इतकं पाह्यते? चहा आणू का तुले?"

"आण."

अंकुश गेला. प्रज्वलनं दोन स्टुलांवर काच ठेवली, खाली बल्ब लावला, शीट चिकटवल्या आणि बसला. पुढचं त्यानंच मला सांगितलं. त्यानं सांगितलं तसंच सांगतो.

पहिला अर्धा भाग सुरळीत गेला. रेघेवर रेघ बसत होती. आता खालचं ड्रॉइंग संपणार, मग आपली परीक्षा, असं त्याच्या मनात होतं. पण ड्रॉइंग संपलं नाही. पुढेही रेघा होत्या. त्याला वाटलं, मघाशी नीट पाहिलं नाही, हलक्या हातानं काढल्या असतील. पोरगं खूश झालं. शिट्टी वाजवत पेन्सिल फिरवू लागलं.

मग एका वळणावर तो थांबला. पेन्सिलीला टोक करायचं होतं.

त्यानं पेन्सिल उचलली...

खालची रेघ थांबली नाही.

त्याच्या डोळ्यांदेखत ती पुढे सरकत होती. हळूहळू. वळणावर वळली. टोकाला जाऊन टेकली. मग दुसरी सुरू झाली.

त्यानं वाकून काचेखाली पाहिलं. बल्ब. वायर. फरशी.

पुन्हा वर पाहिलं. आता रेघेच्या टोकाशी सावली होती. बल्ब आणि काच यांच्या मधोमध. बोटांची. बोटांत पेन्सिल.

कोणीतरी खालून काढत होतं.

उठावं म्हणाला. पाय उठले नाहीत. आणि त्याचा उजवा हात आपसूक शीटवर जाऊन टेकला. खालची बोटं डावीकडे, याचा हात डावीकडे. खालची उजवीकडे, हा उजवीकडे. मध्ये काच आणि दोन कागद. जीटी कोण कोणाची मारत होतं, ते त्याला कळेना.

ड्रॉइंग झालं.

हात कोपऱ्याकडे निघाला.

"नको," तो म्हणाला. एवढंच म्हणता आलं. "नको ना..."

हातानं नाव लिहिलं.

नयन खोडे.

खाली रोल नंबर. त्यातल्या साताला मधून आडवी रेघ.

सावली गेली. अंकुश चहा घेऊन आला तेव्हा प्रज्वल खोडरबरानं कोपरा घासत होता. कागद झिजला होता. नाव तसंच होतं. जुनी शीट काढून पाहिली, तर ती पहिल्यासारखी अर्धीच. पुढे एक रेघ नाही.

"हा नयन खोडे कोण बे?" अंकुशनं विचारलं. दोघांनाही माहीत नव्हतं.

सकाळी मी वऱ्हाडपांडे सरांच्या केबिनमध्ये बसलो होतो, म्हणून यापुढचं माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. प्रज्वल शीट घेऊन आला. दुसरी काढायला वेळ नव्हता आणि वर्ष जाऊ द्यायची छाती नव्हती. सगळं खरं सांगायचं आणि पाया पडायचं, एवढंच ठरवून आला होता. सरांनी शीट उघडली, कोपरा पाहिला आणि चष्मा काढला.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच लिहिलं सर. म्हणजे... माझ्या हातानं."

"साताला अशी रेघ देणारं एकच पोरगं होतं माझ्या वर्गात," सर म्हणाले. "तीन वर्षं झाली."

तेव्हा मला खोडे आठवला. त्याच खोलीतला. सरांनी त्याची हीच शीट फाडली होती, उद्या नवी आण म्हणाले होते. रात्रभर बसला. सकाळी बोर्डावर डोकं ठेवून झोपलेला दिसला. उठवायला गेले तर अंग थंड. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं. शीट अर्धी राहिली ती राहिलीच.

सरांनी लाल पेन काढलं आणि त्या शीटवर सही केली. तारीख टाकली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसतही नव्हते. मग म्हणाले, "ढोबळे, तू घाबरू नको. मी तुझं वर्ष जाऊ देत नाही. कोरी शीट घे. कोपऱ्यात फक्त नाव लिही तुझं, मी सही करतो."

इतक्या वर्षांत त्या माणसानं असं कोणाला म्हटलेलं नाही.

प्रज्वलनं शीट घेतली, चौकोन काढला आणि पेन टेकवलं.

नयन खोडे.

खोडून पुन्हा लिहिलं. नयन खोडे. मी म्हटलं, डाव्या हातानं लिही रे. त्यानं वाकडंतिकडं लिहिलं... तेच. खाली तोच रोल नंबर, साताची रेघसुद्धा. मग त्यानं पेन टाकलं आणि माझा हात धरला. "सर, मी प्रज्वल हाय ना? तुम्ही सांगा ना सर. मी प्रज्वलच हाय ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? माझ्या हो म्हणण्यानं काही झालं नाही.

...काय रे? टाइप करायचं? परीक्षेचा पेपर टाइप करून लिहितोस का तू? वडील मागे लागले म्हणून महिन्याभरानं बसला एका पेपरला. उत्तरं सगळी बरोबर होती म्हणतात. पण पेपर नयन खोडेच्या नावावर. त्या नावाचा विद्यार्थी बसलेलाच नाही, तर मार्क कोणाला द्यायचे? वडील येऊन घेऊन गेले. पोराला एक शब्दही बोलले नाहीत. पोरगं जिन्यावरून मान खाली घालून उतरलं.

मध्यंतरी त्यांचा फोन आला होता. बाकी ठीक आहे म्हणाले. बोलतो, हसतो, शेतावर जातो. फक्त बँकेत गेला की अंगठा लावतो. इंजिनिअरिंगला गेलेलं पोरगं, आणि लोकांसमोर अंगठा लावतं.

ती जुनी शीट? आहे ना. माझ्या कपाटात आहे. खोली रिकामी करताना मीच ती नळीत घालायला घेतली, म्हणून नजरेला आलं. ड्रॉइंग अजून अर्धंच आहे. ते कोणी पूर्ण केलेलं नाही. पण कोपऱ्यातला चौकोन, जो कोरा होता, तो आता भरलेला आहे. सरांनी अक्षर ताडून पाहिलं, जुन्या वह्या काढून. प्रज्वलचंच अक्षर. त्या दिवसापासून त्याला जे लिहिता आलं नाही, ते तिथे स्वच्छ लिहिलंय.

प्रज्वल ढोबळे.